बारवेतून आलेली ओ

"दुपारी खालच्या मळ्यातल्या विहिरीत वरच्या काठावरून उड्या मारणारे कोण कोण होते?"

चंद्रभान गुरुजींनी विचारलं. वीज गेलेली. ओट्यावर बसलेली पाचही पोरं अंधारात एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

"बरं. रागावत नाही मी. घरीही सांगणार नाही. फक्त एक झालेली गोष्ट सांगतो, ती ऐका. सटवाजी माझा थोरला चुलतभाऊ, तो तिथं हजर होता. आणि ज्याच्यावर गुदरली त्या सिद्धलिंगअप्पांच्या तोंडून मी ती दोनदा ऐकली. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही."

मग गुरुजींनी सांगितलं ते असं.

झरी गावात नागप्पांचं भुसाराचं दुकान होतं. घर लिंगायत, लहानपणापासून प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. सिद्धलिंग त्यांचा धाकटा. गोष्ट घडली ते साल त्रेचाळीस, राज्य निजामाचं. तिसऱ्या जमातीत असताना तो शाळेच्या कौलांवर चढून बसला, म्हणून मास्तरांनी उर्दूत शिव्या घातल्या. त्या दिवशी शाळा सुटली आणि चढणं तेवढं राहिलं. अठराव्या वर्षापर्यंत गावात असं झाड नव्हतं की ज्याच्या शेंड्याला त्याचा हात लागला नाही. महादेवाच्या देवळाच्या शिखरावर गेला तेव्हा पायाखालचा दगड निखळला आणि हा एका हातावर लोंबकळत राहिला. खाली सटवाजी एकटाच घोंगडी पसरून उभा. एकट्यानं धरलेल्या घोंगडीत पडून कुणी वाचतं होय? पण हा वरून हसत होता. दुधना नदीला पूर आला तेव्हा उडी घातली, तर अर्ध्यात वाहत आलेल्या बाभळीत पाय अडकला. सटवाजीनं कासरा फेकून ओढून काढला. अंगभर काटे, ओठ निळे, आणि काठावर पडल्या पडल्या म्हणतो काय, "परत एकदा टाकू का उडी?"

सटवाजी कुणब्याचा पोर, सावध माणूस. दोघांचा एक रिवाज ठरला होता. सिद्धलिंग पाण्याखाली गेला की सटवाजी वरून हाक मारायचा. सिद्धलिंग डोकं वर काढून "ओ" द्यायचा. ओ आली की सटवाजीच्या जिवात जीव यायचा.

सिद्धलिंगची थोरली बहीण महानंदा चारठाण्याला दिलेली होती. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून नागप्पांनी सिद्धलिंगला तिला आणायला धाडलं. बैलगाडी सटवाजीची. आदल्या दिवशी पोचायचं, अमावास्या तिथंच काढायची आणि प्रतिपदेला तिला गाडीत बसवून सावकाश आणायचं, असा बेत. वैशाख वद्य चतुर्दशी, मंगळवार. पहाटे चांदण्यांत निघाले. दुपारी जिंतूरला बैल सोडले, उन्हं उतरल्यावर पुन्हा जुंपले.

चारठाणं दोन कोस राहिलं तेव्हा दिवस मावळतीला आला होता. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक जुनी बारव होती. तीन बाजूंनी खोल उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या आणि तळाला हिरवंगार पाणी. गुराखीही तिथं फारसे उतरत नसत. बैलांना पाणी पाजायचं म्हणून सटवाजीनं गाडी तिकडं वळवली. बादलीनं पाणी वर आणलं, बैलांना दाखवलं. बैल प्याले नाहीत. नुसते हुंगून मागे सरले.

सिद्धलिंग मात्र खाली पायऱ्यांवर वाकून बघत होता. उन्हाळ्यानं पाणी हटलं होतं. समोरच्या सरळ भिंतीत, पाण्याखाली हातभर, दाराची चौकट दिसत होती.

"सटव्या, हितं दार हाय."

"आसंल. चल आता. अक्का वाट बघत आसंल."

"आत काय हाय ते बघून येतो."

"आंधार पडायलाय, सिद्ध्या."

"तू शंभर मोज. शंभराच्या आत येतो."

धोतर आणि सदरा पायरीवर काढून ठेवला, लंगोटावर उभा राहिला आणि सूर मारला. सटवाजी वर कठड्याशी बसून मोजायला लागला.

पाणी वरून ऊन होतं, खाली बर्फासारखं गार. सिद्धलिंगनं चौकट चाचपली. माणूस आडवा जाईल एवढी वाट होती. तो आत शिरला. दोन्ही खांदे दगडाला घासले. सात-आठ हात गेला असेल, तोच डोक्यावरचा दगड संपला. तो वर आला. तोंड हवेत निघालं. कुंद हवा, ओल्या मातीच्या वासाची. पण हवा होती. पाय खाली टेकले. पाणी गळ्याएवढं.

काळोख असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते कळेना.

त्याला आनंदच झाला. एवढ्या जुन्या बारवेतली ही खोली गावात कुणाला ठाऊक नसणार. त्यानं हात पसरून भिंती चाचपल्या. डावीकडे भिंत. उजवीकडे भिंत. दोन्ही हात एकदम टेकत होते. चला, बघून झालं, असं म्हणून तो वळला आणि बुडी मारून आला त्या वाटेला हात घातला.

दगड लागला.

जरा बाजूला चाचपलं. दगड. आणखी खाली. दगडच. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा बुडी मारली. चारी बाजूंनी हात फिरवला. गुळगुळीत, शेवाळलेला, अखंड दगड. ज्या वाटेनं खांदे घासत आला ती वाट कुठंच नव्हती. तिसरी बुडी. चौथी. बोटांची टोकं सोलली. कौलांवरून, शिखरावरून, पुरातून इतक्यांदा सुटलेला माणूस. पण तिथं वर आभाळ असायचं. इथं कुठं बघायचं तेच कळत नव्हतं.

तेवढ्यात हाक आली. फार लांबून, दगडातून झिरपल्यासारखी.

"सिद्ध्याऽऽ..."

त्याला रडूच आलं. त्यानं तोंड उघडलं.

"ओऽऽ."

ओ गेली.

पण ती त्यानं दिलेली नव्हती.

ती त्याच्या डाव्या कानाशी उमटली होती. त्याचाच आवाज. त्याचीच लकब, शेवट जरा ओढायची. श्वास सुद्धा ऐकू आला... ओ देण्याआधी माणूस घेतो तसा.

सिद्धलिंग हलला नाही.

"लय येळ झाला की रं," बाहेरून आवाज. "ये भाईर."

"आलो," कानाशी कुणीतरी म्हणालं.

मग पाणी हललं. गुडघ्याला काहीतरी घासून गेलं... गार... लांबट... आणि खाली गेलं. समोरच्या भिंतीकडे. सिद्धलिंगनं जीव खाऊन त्याच्या मागं हात घातला.

दगड.

तो ओरडला. सटवाजीचं नाव घेऊन, आईचं नाव घेऊन, महादेवाचं नाव घेऊन ओरडला. ओरडणं त्या एवढ्याशा जागेत फिरून त्याच्याच तोंडावर येत होतं. दम संपला तेव्हा कान दगडाला लावला.

बाहेर सटवाजी हसत होता.

"एकशेवीस मोजले मी. हरलास की न्हाई?"

"हरलो."

"काय व्हतं आत?"

"...गार हाय."

धोतर झटकल्याचा आवाज. पायऱ्या चढणारी दोन माणसं. जू मानेवर पडलं. मग बैलांच्या गळ्यातली घुंगरं... रस्त्याला लागली... लांब गेली... आणखी लांब...

संपली.

आता कुणी हाक मारणार नव्हतं. कुणी शोधायला येणार नव्हतं. सिद्धलिंग तर गाडीत बसून बहिणीकडे निघाला होता.

किती वेळ गेला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरून तो गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता. थंडीनं दातावर दात बसेना. पाय वळायला लागले. एकदा वाटलं, सोडून द्यावं, खाली बसावं. मग डोळ्यांपुढं आलं की गाडी चारठाण्यात शिरते आहे. अक्का दार उघडते आहे. पोटुशी. "ये रे बाबा," म्हणते आहे.

तेव्हा त्यानं हात वर केला. आतापर्यंत खालीच शोधत होता. वर छत लागलं नाही. नुसती अरुंद पोकळी वर गेलेली होती. हवेसाठी ठेवलेली असेल, बांधताना. देव जाणे.

पाठ एका भिंतीला, तळपाय दुसऱ्या भिंतीला. आड उपसायला उतरणारे लोक चढतात तसा तो वर सरकायला लागला. वीतभर, मग दम. वीतभर, मग दम. शेवाळावरून दोनदा पाय सुटला, दोनदा खाली पाण्यात आपटला. तिसऱ्यांदा पाठीची साल निघेतो चढला. वर मुळ्या हाताला लागल्या. त्याच ठिकाणी पोकळी आवळली आणि छातीशी अडकली.

ना वर. ना खाली.

श्वास घेतला की दगड छातीत रुतायचा. म्हणून त्यानं श्वास घ्यायचाच सोडला. होता तेवढा सोडून दिला, छाती रिकामी केली, आणि त्या एका क्षणात अंग पिळून मुळ्यांना धरून वर ओढलं. बरगडी कडकन वाजली. माती तोंडात आली. मग पाला. मग वारा.

बारवेपासून वीस पावलांवर, करवंदाच्या जाळीत तो बाहेर पडला. वर चांदण्या होत्या. तो थांबला नाही. लंगोटावर, अनवाणी, बरगडी धरून दोन कोस पळत गेला.

चारठाण्यात कोंबडे आरवत होते. महानंदाच्या अंगणात सटवाजी घोंगडी खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं सिद्धलिंगला बघितलं आणि तो मागं सरकत सरकत भिंतीला टेकला.

"तू... आत्ता हितं निजला व्हतास की."

"मी न्हवतो त्यो."

आतून महानंदा बाहेर आली. हातात दिवा. तिनं भावाच्या तोंडाकडं बघितलं नाही. आधी गळ्याकडं बघितलं. लिंग जागेवर होतं. ते बघितल्यावर ती खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

मग तिनं सांगितलं. दाजी बाजाराला गेलेले, सासू आत निजलेली. रात्री गाडी आली. भाऊ दारात उभा राहिला, अंगावर तेच धोतर, तोच सदरा, दोन्ही निथळत. "मी इचारलं, लिंग कुठाय तुजं? म्हणला, पाण्यात सुटलं. असं म्हणला जसं चप्पल सुटली. लिंग हरवलेला लेक आपल्यात असा हुबा ऱ्हातो व्हय? मी म्हणलं, तू आज भाईरच नीज. तर म्हणला, अक्का, मला आत घे. तीनदा म्हणला. मी कडी घातली."

"भाकरी खाल्ली न्हाई त्यानं," सटवाजी म्हणाला. "गाडीत मागं बसला व्हता. वाटभर वर बघत. मला इचारतो, 'सटव्या, चांदण्या तेवढ्याच हायत का रं?' मी म्हणलं, याला गारठा बाधला. गोठ्यात माज्याशेजारी निजला. कुशीवर. पाय पोटाशी घेऊन. आंगातून असा गारवा यायचा की मी दोनदा उठून लांब सरकलो. पहाटं जाग आली तर..."

त्यानं गोठ्याकडं बोट दाखवलं. गोठ्यात धोतर आणि सदरा होते. घडी घालून ठेवलेले. बैल दावी ताणून दुसऱ्या कोपऱ्यात उभे होते.

प्रतिपदेला दाजी परत आले, त्यांनी स्वतः दुसऱ्या वाटेनं, सेलूकडून, सगळ्यांना झरीला पोचवलं. महानंदाला यथावकाश मुलगी झाली, धडधाकट. सिद्धलिंगची बरगडी बसली. पुढं नागप्पांचं दुकान त्यानंच चालवलं. मी लहानपणापासून बघितलेले सिद्धलिंगअप्पा म्हणजे अगदी शांत माणूस. एकच गोष्ट लोकांना विचित्र वाटायची. त्यांना हाक मारली तर ते कधी ओ देत नसत. हातातलं माप खाली ठेवायचे, उठायचे आणि समोर येऊन उभे राहायचे. मग म्हणायचे, "बोला. मी हाय."

ती बारव पुढं ढासळून बुजली. रझाकारांच्या धामधुमीत तिची आठवणही कुणाला राहिली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी चारठाण्याला गेलो होतो, शाळेच्या कामासाठी. गावातल्या सगळ्या विहिरी आटलेल्या. बाया चार चार कोसांवरून घागरी आणत होत्या. महानंदाबाई पन्नाशीला आल्या होत्या. मी ओळख सांगितली. त्या मला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. गोठा केव्हाच पडला होता. मोकळं आवार, भेगाळलेली जमीन, वैशाखाचं ऊन.

आणि मधोमध एवढीच जागा... एक माणूस कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजल्याएवढी... काळीभोर, ओली.

मी वाकून बोट लावलं.

गार होती.