एक मात्रा मागे

ताइसिया दाराच्या फटीत नवा बूट चेपत होती. बॅलेचा बूट असा चेपल्याशिवाय मऊ पडत नाही, आणि पेर्म शहरातल्या थिएटरातली दारं त्यासाठीच बसवलीत, असा मुलींचा ठाम समज होता. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी दार ढकललं.

"बोटं आहेत ना जागेवर?" आत आलेल्या माणसानं घाबरून विचारलं.

"आहेत. पण माणसं दार वाजवून येतात."

"कॅन्टीनचं दार वाजवायचं?"

हा ग्लेब अर्काद्येविच, नवा नृत्यदिग्दर्शक. कामा नदीकाठची जुनी गोष्ट बॅलेत बसवायला आलेला. मीठवाल्या सावकाराची मुलगी, नावाडी, आणि उशिरा पोचलेला निरोप. नावाडी बुडाला असं समजून ती नदीत उडी घेते, आणि मग तो परततो. दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या रांगेतल्या ताइसियाला नायिका केलं. बाकीच्या मुली बरेच दिवस कॅन्टीनच्या दाराशी घुटमळत राहिल्या.

गोष्ट सांगायला सोपी असते. नाचताना चिठ्ठी वाचून दाखवता येत नाही. ग्लेबनं गोष्टीतली दोन्ही घरची भांडणं कापली, दलाल कापला, आत्याही कापली.

"आत्या कशाला?" पियानोवरच्या नोन्ना पाव्लोव्हनांनी विचारलं. "सगळं तर तीच बिघडवते."

"आत्या नाचली तर लोक हसतील."

"माझ्या आत्येला हसायची कुणाची छाती नव्हती."

घोडं अडलं ते उशिरापाशी. उशीर पायांनी कसा दाखवायचा? शेवटी एके दुपारी ग्लेब स्वतःच नावाडी होऊन ताइसियाच्या मागे उभा राहिला.

"तू नाच. मी तेच करतो, फक्त एक मात्रा मागे."

ती वळली, हात पसरला, निघाली... आणि तिनं सोडलेल्या जागी तो पोचला. त्याची बोटं तिच्या नुसत्या उबेवर मिटली. खिडकीबाहेर छपरावरचा बर्फ वितळून ठिबकत होता.

"मला एकदा मागे वळून बघायचंय," ताइसिया म्हणाली.

"बघितलंस तर गोष्टच संपेल."

"मग संपू दे की."

नोन्ना पाव्लोव्हना सुरांची पानं उगाच चाळत बसल्या. या दोघांचा हिशेब त्यांच्या मनात केव्हाच जुळला होता.

मग लांबच्या नोवोसिबिर्स्कच्या थिएटरातून ताइसियाला बोलावणं आलं. मोठ्या भूमिका, मोठा रंगमंच. उत्तर त्याच संध्याकाळी तारेनं द्यायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, ग्लेबलाही.

तालमीनंतर तिनं बुटाची फीत सोडता सोडता विचारलं, "ग्लेब अर्काद्येविच, नावाडी नुसतं 'थांब' म्हणाला असता तर?"

"बॅलेत शब्द नसतात, ताया."

"आणि बॅलेबाहेर?"

त्याला कळलं नाही असं नाही. असल्या माणसांना सगळं कळतं. फक्त ते नफातोटा दुसऱ्याच्या बाजूनं मांडतात आणि त्यालाच मोठं मन म्हणतात.

"बाहेर... तिनं आपलं भलं बघावं."

ती सरळ तारघरात गेली.

पहिला प्रयोग रंगला. प्रेक्षक रडले. सगळे प्रयोग आटोपल्यावर ती निघाली, तेव्हा तिच्या खोलीत रीतीप्रमाणे सगळे घटकाभर न बोलता बसले. ताइसिया खाटेवर, नोन्ना पाव्लोव्हना स्टुलावर, ग्लेब खिडकीच्या कट्ट्यावर. प्रवासाआधी असं बसायचंच असतं. मग नोन्ना पाव्लोव्हना टॅक्सी बघायला म्हणून उठल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

"थांब," तो म्हणाला. "नावाडी नाही, मी म्हणतोय."



"तिथं एका मुलीची भूमिका काढून मला दिलीय, ग्लेब. ती आधीच रडून बसली असेल. आता कसं फिरू?"

"चूक माझी."

"अर्धी. मी तरी कुठं सरळ विचारलं... नायिकेच्या आडून विचारत बसले."

"ताया, माझं तुझ्यावर—"

"माहीत आहे. माझंही." तिनं डोळे पुसले नाहीत, हात पुढे केला. "आता ती बॅग द्या."

त्यानं बॅग दिली.