डेल्फाचं 'व्हतो'

वाचनालयाचं दार आतून आर्लिस ढकलत होता, बाहेरून डेल्फा.

"सोडा की!"

"आधी तू सोड!"

दोघांनी एकदमच सोडलं... आणि काचेच्या दोन्ही बाजूंना हसू फुटलं. तिच्या केसांतून पाणी निथळत होतं, अंगावर वृद्धाश्रमातल्या कामाचा निळा गणवेश तसाच होता.

अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरगावात आर्लिस दर शनिवारी कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं व्याकरण शिकवायचा. डेल्फाला नर्स व्हायचं होतं. गणितात ती पक्की. घोडं अडायचं ते व्याकरणात, चारांतून एक पर्याय निवडताना.

"'आम्ही थांबलो...' पुढे काय? 'होतो' की 'व्हतो'?"

"व्हतो. आमच्याकडं समदी असंच म्हनत्यात."

"कानाचं ऐकू नकोस. नियमाचं ऐक."

"आन् तुमचं?" तिने डोळे बारीक केले. "तुमचं ऐकलं तर चालंल?"

आर्लिस गोंधळला. तोच प्रश्न त्याने पुन्हा वाचला.

पुढे ती त्याच्यासाठी मक्याची भाकरी आणू लागली, तो छत्री धरून तिला गाडीपर्यंत सोडू लागला. छत्री लहान – तक्रार कुणाचीच नव्हती.

एका शनिवारी तिचे वडील, होबर्ट, वर्गाच्या दारात आले. "पोरी, आमी कवाधरनं बाहेर थांबलो व्हतो."

"होतो," आर्लिसच्या तोंडून निसटलं.

वर्ग हसला. होबर्टनी टोपी काढून हातात चुरगाळली.

डेल्फा ताडकन उठली. "पेपरात मी 'होतो'च निवडंन. गुन हवेत मला. पन माझा बा हितं पेपर लिवाया आला न्हाई! त्याचं बोलनं चूक ठरवनारे तुमी कोन? तुमी बी पल्याडच्या खोऱ्यातलेच ना? तुमची आई कशी बोलती?"

बापाचा हात धरून ती निघून गेली.

पुढच्या शनिवारी तिची खुर्ची रिकामी राहिली. वर्ग संपताच तो तिच्या घरी गेला. होबर्ट ओसरीवर शेंगा सोलत होते.

"काका, चुकलं ते माझं. तुमचं न्हाई." हे 'न्हाई' कितीतरी वर्षांनी त्याच्या जिभेवर आलं होतं. "शहरात मी तोंड उघडलं आन् पोरं हसली. दुसऱ्या दिसापास्नं मी आपली बोली टाकून दिली."

डेल्फा दारात उभी होती. "मग त्याचा राग आमच्यावर?"

"राग न्हाई गं... भ्या वाटलं. तुला बी हसतील म्हनून."

"हसू देत! मी आनखी मोठ्यानं बोलंन."

तो तिच्याकडे बघत राहिला. "डेल्फा... मला तू आवडतीस. लई आवडतीस."

होबर्टनी शेंगांवरची नजर उचलली नाही. मिशीत मात्र हसले.

"ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "पुन्यांदा म्हन. मोठ्यानं."

समोरच्या घरातली माणसं बाहेर आली, कुत्री भुंकू लागली... तरी तो म्हणायचा थांबला नाही.