आणलेलं परत न्या

जरा जवळ सरक, दिवा इथेच राहू दे. तर लेकीने मला बळेच पाठवलं त्या डोंगरावरच्या विश्रामघरात. म्हणाली, "आई, चार दिवस मौन धरशील, मन शांत होईल." मी मौन धरणार म्हणजे मांजराने दुधाला नाही म्हणायचं.

कारण असं की, हे जाऊन वर्ष झालं तरी रोज पहाटे चहाच्या आधी शेजारच्या खोलीतून ह्यांचा खोकला ऐकू यायचा. मी गरम पाणी नेऊन ठेवायची. लेकीला ते बघवेना.

तिथली व्यवस्थापक बाई कडक. दारातच तिने माझी पिशवी उघडली, साबणाचं वेष्टन, गोळ्यांची पाकिटं, सगळं पाहिलं. "जे आणलंत ते जाताना परत न्यायचं. डोंगराला आपलं ओझं नको."

धुकं असं की जिना कुठे संपला ते पायालाच कळायचं. ओल्या लाकडाचा वास यायचा. पहिल्या सकाळी जाग आली आणि खोकला नाही... सुटल्यासारखं वाटलं, मग फार वाईट वाटलं. समोरच्या खोलीत राखाडी शालीतली एक बाई होती. चालताना तिचा एक हात जरा खाली, बोट पुढे केलेलं. मौनामुळे विचारता येईना, मी नुसती तिच्या बोटाकडे बघत राहायची.

निघायच्या दिवशी व्यवस्थापक बाई हळूच म्हणाली, "तुमचे ते राहिलेत. मागच्या पडवीत बसून असतात. खोकतात."

"इथे त्यांना बरं वाटत असेल तर..."

"टाकून जाणारे फार येतात, बाई. निस्तरावं आम्हाला लागतं. फाटकाशी हाक मारा. मागे बघू नका."

फाटकाशी धुक्यात काही दिसेना. मी म्हटलं, "चला हो." नेमकं तेव्हाच शेजारून शालवाली आपल्या ड्रायव्हरला म्हणाली, "चला."

माझ्यामागून पावलं आली. हलकी वाटली. म्हटलं, इथली हवा मानवली ह्यांना.

घरी पहाटे पाणी ठेवलं. खोकला आला नाही. स्वयंपाकघरातला खालचा कप्पा मात्र उघडा होता, आणि वाट्या जमिनीवर भातुकलीसारख्या एकात एक रचून ठेवलेल्या.

दुपारी शालवालीचा फोन आला. व्यवस्थापक बाईने नंबर दिला होता. "माझ्याकडे पहाटे कुणीतरी खोकतं..." तिच्यामागून तो खोकला ऐकू आला आणि मला रडूच फुटलं.

"माझे आहेत ते. आणून सोडा. तुमची मुलगी इकडे आलीय."

"मला मूल नाही हो, ताई. तिथे गेल्यापासून कुणीतरी माझं बोट धरून चालायचं. फाटकाशी सुटलं."

"मग ही कुणाची?"

"कुणी टाकून गेलं असेल..."

संध्याकाळी ती ह्यांना सोडून गेली. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही तिने. मी पोरीला परत डोंगरावर न्यायला पिशवी भरली होती, चपला घातल्या होत्या. पण गोळ्यांचं पाकीट नव्हे ते, लेकरू आहे. एकदा टाकलेलं पुन्हा कसं टाकायचं? चपला काढल्या.

आता हे घरात असतात, पण खोकत नाहीत. पोरीची झोप मोडेल म्हणून, की घाबरलेत, कोण जाणे. त्यांची खुर्ची मात्र रोज सकाळी दाराकडे तोंड केलेली सापडते.

बोटाला गार लागलं ना तुझ्या? हात ओढू नकोस, तिला राग येतो. उशीर झालाय, घरी वाट बघत असतील तुझी. उठताना 'येते' म्हण, 'निघते' म्हण... 'चला' तेवढं म्हणू नकोस.