बाजारपेठेतला बिबट्या

त्या संध्याकाळी जागृती शहाद्याच्या कृषी सेवा केंद्रात शिरली ती नेहमीसारखं भेंडीचं बी मागायला. ललित गल्ल्यावर लॅपटॉप उघडून बसला होता. आणि पडद्यावर... अगं बाई! हा तर तिचाच नकाशा!

जागृती बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत कामाला. उसात राहणाऱ्या एका मादीच्या गळ्यात त्यांनी ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला होता. पट्ट्याकडून येणारे ठिपके एका प्लगिनमध्ये, म्हणजे नकाशाच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये टाकले, की नकाशावर जनावराची वाट उमटायची. जिथं ते रेंगाळलं तिथं लाल डाग पडायचा. काल त्या प्लगिननं मादी रोज संध्याकाळी भर बाजारपेठेत उभी असते असं दाखवलं. जागृतीचं डोकंच फिरलं. तिनं इंटरनेटवर प्लगिनच्या पानावर, चारचौघांत, स्वतःच्या नावानं अभिप्राय ठोकून दिला — 'बनवणाऱ्यानं आयुष्यात मांजर तरी पाहिलंय का?' वर ठिपक्यांची फाईलही जोडली.

"हे... तुमच्याकडे कसं?"

"प्लगिन माझंच आहे," ललित म्हणाला. "दिवसा काकांचं दुकान, उरल्या वेळात हे. आणि मांजर पाहिलंय हो मी. घरात दोन आहेत."

जागृतीचे कान तापले. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या खडखडत चालल्या होत्या. एखादीत चढून पळून जावं असं तिला वाटलं.

"सकाळपासून चूक शोधतोय," तो म्हणाला. "पण हे जनावर उसात पायच टाकत नाही. सडकेनं जातं, पेट्रोल पंपावर थांबतं... आणि रोज संध्याकाळी —" त्याचं बोट लाल डागावर थांबलं. "आमच्या दुकानासमोर."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. जादाचा पट्टा! चालतो का ते बघायला तिनं तो सुरू केला होता, आणि तो तसाच स्कूटीच्या डिकीत राहिला होता. घाईत तिनं फाईल उचलली ती त्याचीच. म्हणजे तो लाल डाग... ती स्वतः!

मेली लाज! भाड्याच्या खोलीत धड कुंडी नाही, आणि ही बाई रोज भेंडीचं बी नेते. सगळं शहादं त्याला ललितभाऊ म्हणतं, हिनं मात्र 'अहो'वर भागवलेलं. दुकानासमोर स्कूटी लावून फोनवर बोलायचं सोंग वेगळंच. सगळं उघडं पडलं होतं, आणि तेही तिनं आपल्या हातानं त्यालाच पाठवून!

"तुमचा अभिप्राय वाचून दोघांनी प्लगिन काढून टाकलं," ललित हळूच म्हणाला. "असू दे. चूक माझीच, असं लिहून टाकतो. तुम्हाला कुणी हसायला नको."

सुटलीच की ती! नुसतं 'हो' म्हणायचं, आणि पुन्हा या रस्त्याला फिरकायचं नाही. पण याच्या एवढ्या मेहनतीला बट्टा लागायचा, तो तिच्या खोटेपणापायी. तिला स्वतःचाच राग आला. डोळे भरले.

"नका लिहू..." ती म्हणाली. पुढचं शाळेतल्या मराठीत येईना. घरची बोलीच तोंडातून बाहेर पडली. "ठिपका बरोबर शेतस. तो बिबट्या नही, मी शे. आन् मी भेंडीनं बी लेवाले नही येस... मुद्दामच येस."

ललित कानापर्यंत लाल झाला. "माले सकायलेच समजनं व्हतं," तो पुटपुटला. "पन इचारानी हिंमत नही व्हयनी."

दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते. त्यानं स्टूल पुढं सरकवलं. ती बसली, आणि तिनं फोनवरून त्याच पानावर लिहिलं — 'चूक माझी. पट्टा स्कूटीत होता. प्लगिन अगदी बरोबर आहे.' आता साऱ्यांना कळलं. कळू दे.

"तक्रार मागे घेतली," ती खाली मान घालून म्हणाली.

"आणि... रोजचं येणं?"

"ते नाही घेणार."

चेहरा अजून लाजेनं पेटलेला होता. पण ती स्टुलावरून उठली नाही.