ओटीवरचा केर

मालवणच्या कचेरीत मी चौदा वर्षं दप्तराची खोली सांभाळतो. कुठल्याही गावचा, कुठल्याही सालचा कागद मागा, तुमचा चहा निवायच्या आत हातात देईन. वस्तू जागेवर नसली की माझं डोकं फिरतं. माझी बायको शेवंती म्हणते, या माणसाच्या हाती कढीलिंब लागला तर तोही लाल फितीत बांधून ठेवील. म्हणू दे. अंधारात तिला काडेपेटी चटकन सापडते ती माझ्यामुळेच.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकून लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. मी भुताखेतांच्या गोष्टींत रमणारा माणूस नाही.

माझी थोरली बहीण रुक्मिणी, मी तिला आका म्हणतो, देवबागला राहते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांत तिचं घर. तिचे यजमान जयराम फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल होते. त्रेपन्न साली मोसमाच्या अखेरीला कौलं भरून मुंबईकडे निघाले, ते ना मुंबईला पोचले ना परत आले. सोबतच्या पाच खलाशांच्या घरी वर्षभरात दिवस करून मोकळे झाले. आकाने केले नाहीत. कुंकू तसंच, गळ्यातली काळी पोतही तशीच. मी दोनदा समजूत घालायला गेलो आणि दोन्ही वेळा पेज जेवून परत आलो.

बासष्ट सालच्या चैत्रात तिची प्रकृती फारच उतरली. झोप नाही, अन्नावर वासना नाही, छातीत सारखी धडधड. मालवणचे डॉक्टर तिला घरी जाऊन बघून आले आणि मला कचेरीत येऊन भेटले. औषध देतो, म्हणाले, पण त्या घरात मीसुद्धा चार दिवसांत आजारी पडेन. ओटी आढ्यापर्यंत भरलेली, पुढचं दार बंद, वारा कुठून यायचा? आधी घर मोकळं करा.

हे काम जणू माझ्यासाठीच नेमून ठेवलेलं होतं. मी सात दिवसांची रजा टाकली आणि सोमवारी पहाटे तारकर्लीच्या वाटेने चालत निघालो.

मागच्या दाराने आत शिरलो. गेली कित्येक वर्षं सगळे त्याच दाराने ये-जा करीत. स्वयंपाकघर लख्ख होतं, माजघर सारवलेलं, भांडी उतरंडीने मांडलेली. मग माजघराचं दार लोटून ओटीवर नजर टाकली आणि हबकलो. फाटकी जाळी, सुंभाची वेटोळी, रिकामे डबे, मोडक्या करंड्या, बुडाचं भगदाड पडलेली मडकी, गोणपाटं, वल्ह्यांचे तुकडे. दोन्ही बाजूंनी भिंती उभ्या राहाव्यात तसे ढीग, आणि मधल्या जागेवर एक जुनं शीड ताणून टाकलेलं. मी दप्तराचा माणूस. ढीग पडलेला आहे की रचलेला आहे, हे मला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी तेव्हा आवरायची घाई डोक्यात घेऊन आलो होतो.

आका भांडली नाही. दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मी तिला नीट समजावलं. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, वर्षभरात लागली का ते विचारायचं, नसेल लागली तर ज्याला लागेल त्याला द्यायची. ती म्हणाली, तुझ्याशी बोलून कोण जिंकलंय. आणि मग एवढंच म्हणाली, "सामान काय नेवचा ता ने. पण ता शीड हलवू नको, आणि ओटयेचो केर काढू नको. तो मी काढतलंय."

मी बरं म्हणालो. बाईमाणसाला आपल्या घरचा केर भावाने काढलेला आवडत नसेल, असं मला वाटलं.

सोमवार ते बुधवार आम्ही राबलो. शेजारचा गंगाराम त्याची होडी खाडीच्या काठाला लावायचा आणि आम्ही दोघं सामान भरायचो. जाळ्यांतले धड तुकडे खाडीपलीकडच्या कोळ्यांनी नेले, करंड्या चुलीत गेल्या, मडकी माडांच्या आळ्यांत. मी यादी करत होतो. बुधवारी संध्याकाळी नऊ वर्षांत पहिल्यांदा पुढचं दार उघडलं. बिजागऱ्या करकरल्या आणि समुद्राचा वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. गंगारामने शिट्टी वाजवली. मला तर आनंदाने गाणं म्हणावंसं वाटलं. शेजारच्या हौसाबाई हातात कालवांची वाटी घेऊन येत होत्या. उघडं दार दिसलं तशा त्या थबकल्या आणि वळसा घालून मागच्या दाराने आत गेल्या.

आता ओटीवर फक्त ते शीड उरलं होतं.

गुरुवारी सकाळी आका विहिरीवर गेली. मी म्हटलं, ती यायच्या आत लख्ख करून ठेवू, बघेल तर खूश होईल. शीड उचलून बाहेर झटकलं. खाली जमिनीवर वाळूचा पातळ थर होता आणि त्यात पावलं उमटलेली, माजघराच्या उंबरठ्यापासून पुढच्या दारापर्यंत. काल ये-जा करणाऱ्या गंगारामची असतील, असं मी धरून चाललो. मी केरसुणी घेतली. दोन मिनिटांचं काम. उंबरठ्याबाहेर वाळू लोटली आणि ती वाऱ्यावर उडून गेली.

आका कळशी घेऊन आली. ओटीकडे बघितलं, कळशी खाली ठेवली आणि तिथेच भिंतीला पाठ लावून बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "माणूस घरातसून भायर पडलो की तो पोचल्याचा कळल्याशिवाय केर काढूचो नसता. ह्येंचा पोचल्याचा अजून कळाक नाय."

ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. आमची आईसुद्धा मी परीक्षेला निघालो की केरसुणी कोपऱ्यात ठेवायची, अर्ध्या दिवसापुरती. नऊ वर्षं ती कोणी पाळत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"पावलां होती ती ह्येंची," आका म्हणाली. "सात. मी सामान नाय राखलंय, लवू. वारो आडवलंय."

मग तिने सांगितलं की जयरामांच्या डाव्या पायाची करंगळी नांगराच्या दोरात सापडून तुटली होती, त्यामुळे डावं पाऊल चार बोटांचं उमटायचं. मी केरसुणी फिरवताना पावलांकडे बघितलंच नव्हतं. गंगारामच्या दोन्ही पायांना पाच पाच बोटं आहेत, हे मी मागाहून जाऊन बघितलं. खाली मान घालून त्याच्या पायांकडे बघत उभा राहिलो आणि मला स्वतःची लाज वाटली. आजारी बहिणीचं घर आवरायला आलो आणि तिने जिवापाड जपलेली एकच वस्तू वाऱ्यावर उडवली. यादीतसुद्धा ती नव्हती.

त्या दिवशी आका जेवली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. उपचार म्हणून जे केलं त्यानेच ती जाते की काय, ही भीती मला पहिल्यांदा वाटली.

शुक्रवारी उजाडताच मी पुढचं दार उघडायला गेलो. रात्रभरात फटीतून थोडी वाळू आत आली होती. तसं देवबागेत रोजच होतं. त्या वाळूत दारापासून एका हातावर एक पाऊल होतं. डावं, चार बोटांचं. टाच दाराकडे आणि बोटं घराच्या आत.

ते ओलं होतं.

मी तर्क लढवले. आकाने स्वतः काढलं असेल, पण तिची पावलं लहान आणि बोटं पाच. कोणी थट्टा केली असेल, पण दाराला आतून अडसर होता. मी पायाने ते पुसून टाकायला निघालो, तोच मागून आकाचा आवाज आला, "रवांदे." ती माजघराच्या दारात उभी होती. तिने बराच वेळ त्या पावलाकडे बघितलं. मग आत गेली आणि पेजेचं आधण ठेवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

शनिवारी दोन पावलं होती.

शनिवारी रात्री मी दाराच्या फटींत गोणपाट ठासलं, अडसराला सुंभ बांधलं. गाठ मी मारतो तशी, दप्तराची. रविवारी सकाळी गाठ जशीच्या तशी होती. वाळू अगदी नावापुरती. पावलं तीन. ती दुपारपर्यंत ओलसर राहत, मग वाळत, आणि वाळली तरी मोडत नसत. वारा सुटला की आजूबाजूची वाळू हलायची, त्यांची हलत नसे.

मी आकाला म्हणालो, चल माझ्याबरोबर मालवणला, शेवंतीला सोबत होईल. ती तांदूळ निवडत होती. गालावर रंग आला होता, केस विंचरून अंबाडा घातला होता. गेल्या दोन रात्री ती गाढ झोपली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं होत होतं आणि मला त्याचा धाक वाटत होता.

"आणि हंय कोण रवतला?" ती म्हणाली.

सोमवारी पहाटे मी निघालो, कारण रजा संपली होती. निघताना वाकून बघितलं. चार.

कचेरीत मन लागेना. सात पावलांत माजघराचा उंबरठा येतो, एवढा हिशेब तर शाळकरी पोरही करील. उंबरठ्याच्या आत डाव्या हाताला आकाचं अंथरूण. मंगळवारी पाच. बुधवारी सहा. गुरुवारी मी कांदळगावचा एक कागद आचऱ्याच्या दप्तरात बांधून ठेवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तो मला अजून सापडलेला नाही.

शेवंतीला सगळं सांगितलं. ती थट्टा करील असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, तुम्ही घरातून निघालात की मी केर किती वेळाने काढते, ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी पहाटे न सांगता रजा घेतली आणि देवबागची वाट धरली. तारकर्लीपर्यंत चाललो, पुढे धावलो. या वयात वाळूत धावणं म्हणजे काय ते माझं मला माहीत.

पुढचं दार सताड उघडं होतं.

ओटीवर सात पावलं. सातवं उंबरठ्याला टेकलेलं. पलीकडे काही नाही.

"आका," मी हाक मारली.

"ये रे," आतून आवाज आला.

ती जिवंत होती. मला एकदम रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. ती चुलीपुढे बसली होती. नवं लुगडं नेसलेली, केसांत अबोली. घर मी आवरून गेलो होतो तसंच होतं, नव्हे, त्याहून नीटनेटकं. कुठे एक वस्तू जास्तीची नाही. वारा आरपार वाहत होता. मी दम खायला माजघराच्या भिंतीकडच्या मोकळ्या जागेवर टेकायला गेलो.

"थंय बसू नको," आका म्हणाली. "हंय ये."

मी दुसऱ्या भिंतीला बसलो. तिने मला चहा दिला. चुलीपाशी आणखी एक पेला उपडा घातलेला होता, नुकताच धुतलेला. तिनेच सांगितलं, अगदी सहज, जसं कोणी मुंबईचं पत्र आल्याचं सांगावं.

"काल पोचले. आता केर काढूक हरकत नाय."

ती उठली आणि कोपऱ्यातली केरसुणी घेऊन ओटीवर गेली. मी बघत होतो. दारापासून तिने सुरुवात केली, एकेका पावलावरून केरसुणी फिरवत, न थांबता, न हळहळता. नऊ वर्षांत तिचा हात इतका हलका मी बघितला नव्हता. ओटी झाली. मग उंबरठा ओलांडून ती माजघर झाडू लागली. माझ्या जवळ आली.

"वायच पाय वर घेवा," ती म्हणाली.

मी चहाचा पेला सावरत पाय वर घेतले.

आकाने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं. "तुका नाय रे," ती म्हणाली. समोरच्या भिंतीकडे तोंड करून, केरसुणी हातात धरून, ती क्षणभर थांबली.

मग वाकली आणि तिथला केर काढला.