एकशे एकोणीस ग्रॅम

वहिनींचा माणसांवर काडीचा विश्वास नव्हता. काट्यांवर थोडाफार होता. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? निवृत्तीनंतर त्या लोकांच्या भानगडी सोडवून देत, आणि सोबत धाकट्या दिराला, म्हणजे भाऊजींना, नेत. भाऊजी चित्रकलेचे निवृत्त मास्तर. आपल्याला कशाला नेतात, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं.

"पिशवी धरायला कोणीतरी लागतं," असं वहिनी म्हणत.

त्या दिवशी सकाळी वहिनींच्या जुन्या मैत्रिणीची मुलगी दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात एक जाड वही.

"मावशी, आज चार वाजता माझ्याकडून राजीनामा लिहून घेणार आहेत. खोटे आकडे भरले म्हणून."

"भरलेस का?"

"नाही!"

"मग रडतेस कशाला? बस आणि सरळ सांग."

मुलगी थर्मासच्या कारखान्यात होती. खाणीतून लोखंडाचं खनिज निघाल्यापासून थर्मास भंगारात जाईपर्यंत पृथ्वीला त्याचा किती उपद्रव होतो, ते ती एका सॉफ्टवेअरमध्ये मांडायची. प्रत्येक भागाचं वजन ती भरणार आणि सॉफ्टवेअर त्याला धूर, पाणी, वीज यांचे आकडे जोडून देणार.

"म्हणजे वजन खोटं, तर पुढचं सगळंच खोटं," वहिनी म्हणाल्या.

"हो. एका हॉटेल कंपनीला मोठ्या थर्मासची ऑर्डर द्यायची होती. उपद्रवाचा आकडा ठरावीक मर्यादेत हवा, अशी अट होती. माझ्या सहीचा अहवाल गेला. त्यांच्या तपासनिसानं थर्मास कापून वजन केलं, तर भरलं पाचशे वीस ग्रॅम. अहवालात होतं चारशे एक! मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या संगणकावरून, माझ्या नावानं कोणीतरी तीन वजनं बदललीत."

"सही करताना पाहिलं नाहीस?"

"मीच भरली होती ना, मग परत कशाला बघू?"

"मूर्ख. पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"स्क्रीनला चिठ्ठी चिकटवली होती."

"महामूर्ख."

भाऊजींना पोरीची दया आली. हा शब्द आज दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेला, याचं थोडं बरंही वाटलं.

"मावशी, खोटारडी म्हणून बाहेर पडले, तर माझ्या आकड्यांवर पुन्हा कोणी विश्वास ठेवेल का? आमच्या कामात तेवढंच तर असतं."

वहिनींनी वही ओढून घेतली. मोठ्या थर्मासचं बाहेरचं भांडं दोनशे चाळीस, आतलं एकशे पंच्याऐंशी, झाकण पंच्याण्णव. बदललेले आकडे मुलीनं शेजारी लाल शाईनं लिहिले होते: एकशे त्र्याहत्तर, एकशे एक्केचाळीस, सत्त्याऐंशी.

पुढच्या पानावर आणखी एक यादी होती. एकशे पस्तीस, एकशे पाच, पन्नास.

"हे काय?"

"छोटा थर्मास. अजून बाजारात यायचाय. त्याची वजनं फक्त वहीत आहेत, सॉफ्टवेअरमध्ये भरली नाहीत."

वहिनींनी एका पानावरून दुसऱ्या पानावर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, पिशवी घ्या."

मुलीचं टेबल कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आणि जेवणाच्या सुट्टीत तिथे थांबणारे तिघेच. पहिला डिझायनर. त्याच्या टेबलावर एका ट्रेमध्ये छोट्या थर्मासचे सुटे भाग पडले होते.

"बाहेरच्या भांड्याचं वजन किती?" वहिनींनी विचारलं.

त्यानं मान वर न करता दोन कळा दाबल्या. "एकशे छत्तीस पूर्णांक शून्य चार."

"काट्यावर ठेवून पाहिलंत?"

"बाई, चित्रावरून संगणकच वजन काढून देतो. काट्यावर ठेवायला मी काय भाजीवाला आहे?"

"भाजीवाल्याला निदान भाजी कळते. हे भाग इथून कोण नेतं?"

"फोरमन नेतो, जावईबापू नेतात, परत आणून टाकतात. मी काय राखण करत बसू?"

फोरमन सरळ, पण तोंडाळ. "सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर सगळं थोतांड आहे, बाई. ऑर्डर गेली तर माझी माणसं घरी बसतील, एवढं मला कळतं." त्याच्या कोपऱ्यात एक जुना काटा होता. वहिनींनी त्यावर आधी किल्ली ठेवली, मग चष्मा, मग भाऊजींचं घड्याळ. दहा, पस्तीस, पंचावन्न.

"पाचाच्या पटीतच दाखवतो?"

"जन्मापासून. कारखान्यात हा एकच काटा. ती पोरगीही इथेच येऊन वजनं करायची."

तिसरे जावईबापू. मालकांचे जावई आणि विक्रीप्रमुख. केबिन एवढं मोठं की त्यात ते हरवल्यासारखे दिसत होते. ऑर्डर मिळाली की सासरे त्यांना संचालक करणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

"सॉफ्टवेअर? छे, ते पोरीचं काम. मी मोठ्या गोष्टी बघतो." असं म्हणत त्यांनी टेबलावरचा चपटा स्वयंपाकघरी काटा चालू केला, त्यावर प्लास्टिकची वाटी ठेवली आणि एकेक बदाम आत टाकू लागले. आकडा अठ्ठावन्न, एकोणसाठ करत साठवर गेला, तसे थांबले. "डॉक्टरांनी साठ ग्रॅम सांगितलेत. तीन महिने झाले, एक बदाम जास्त नाही. तरी मेली भूक काही भागत नाही."

भाऊजींना कोणी बदाम विचारला नाही. बसल्या बसल्या त्यांनी वाटीतले मोजले.

बाहेर आल्यावर वहिनी थांबल्या. "किती होते हो?"

"काय?"

"बदाम. अधाशासारखे बघत होतात ना?"

"वीस," भाऊजी ओशाळून म्हणाले.

"कधी नव्हे ते कामाला आलात," वहिनी म्हणाल्या. भाऊजींना त्यातलं काहीच कळलं नाही.

चारला वीस मिनिटं असताना सगळे मालकांच्या खोलीत जमले. राजीनामा टाइप करून तयार होता, वर पेनही ठेवलं होतं. मुलगी संगणक मांडीवर घेऊन कडेला बसली होती.

"बाई, लवकर आटपा," मालक म्हणाले. "चारला हॉटेलचे तपासनीस येतायत."

"आटपतेच. काट्यांची प्रत्येकाची बोली वेगळी असते. फोरमनचा काटा पाचाच्या पटीत बोलतो. लाल शाईचे आकडे संपतात तीन, एक आणि सातवर. म्हणजे ते त्या काट्यावरचे नाहीत. फोरमन सुटला."

फोरमननं मिशीवरून हात फिरवला.

"डिझायनर वजन करतच नाही. त्याचे आकडे संगणकातून येतात आणि बरोबर येतात. माणूस शिष्ट आहे, पण चोर नाही."

"आणि हे आकडे बरोबर नाहीत?" मालकांनी विचारलं.

"वही बघा. छोट्या थर्मासची वजनं लाल आकड्यांतून वजा करा. अडतीस, छत्तीस, सदतीस. पाचाच्या काट्यावर एखादा ग्रॅम इकडेतिकडे होतोच. थोडक्यात, चोरानं मोठ्याच्या जागी छोट्याचे भाग तोलले, आणि तिन्ही वेळा सदतीसेक ग्रॅमची एकच वस्तू त्यांच्याखाली होती. आधी रिकाम्या भांड्याचं वजन काढून टाकायचं, हे किराणा दुकानातल्या नोकरालाही पहिल्या दिवशी शिकवतात. या चोराला कोणी शिकवलं नव्हतं."

वहिनी भाऊजींकडे वळल्या.

"भाऊजी, वीस बदामांचं वजन किती भरेल?"

भाऊजींनी विचार केला. "वीस... फार तर बावीस-तेवीस ग्रॅम."

"जावईबापूंच्या काट्यावर साठ भरलं. उरलेले सदतीस कुठून आले?" वहिनींनी पिशवीतून त्यांचाच काटा आणि वाटी काढून टेबलावर ठेवली. येताना शिपायाकडून मागून आणली होती. रिकामी वाटी काट्यावर बसली आणि आकडा उमटला. सदतीस.

जावईबापूंनी वाटी काट्यावरून उचलली. "वाटीवरून काय सिद्ध होतं? मी सहज तोलले असतील ते भाग."

"कोणते भाग? मोठ्याचे की छोट्याचे?"

"छोट्याचे. म्हणजे... काहीतरी खरे वाटणारे आकडे नकोत का टाकायला? तो माणूस थर्मास करवतीनं कापेल, हे मला काय माहीत!"

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"खोटेपणा करायलाही अक्कल लागते," वहिनी म्हणाल्या. "तीन महिने स्वतःला उपाशी मारलंत, तरी तुम्हाला तुमची वाटी कळली नाही."

मालकांनी जावयाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोकडे. मग राजीनामा उचलून टराटरा फाडला.

"पोरी, तू राहा. पगार वाढवतो. हॉटेलवाल्यांना सांगू, टाइप करताना चूक झाली. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"टाइप करताना चूक कोणाची?" मुलीनं विचारलं.

भाऊजींना एवढा राग क्वचितच आला होता. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, पण वहिनी मुलीकडे बघत होत्या.

मुलीनं संगणक उघडला आणि जुने आकडे एकेक करून परत भरले. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक चौकट असते. हे वजन कोणी केलं आणि कशावर केलं, ते तिथे लिहायचं. बदललेल्या तिन्ही आकड्यांसमोर त्या चौकटी रिकाम्या होत्या.

"काय लिहितेस?" मालकांनी घाईनं विचारलं.

दारावर टकटक झाली. तपासनीस आत आले, हातात तो कापलेला थर्मास. मुलीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मंगळवारची तीन वजनं रद्द. वजन करणार, विक्रीप्रमुख. काटा, बदामाचा. वाटीसकट."

जिना उतरताना भाऊजींनी विचारलं, "वहिनी, तिची नोकरी आता राहील का हो?"

"न राहायला काय झालं? आणि नाही राहिली, तरी ते चार ओळींचं टिपण दाखवून तिला दुसरी मिळेल." वहिनींनी पिशवी त्यांच्या हातात दिली. पिशवी जरा जड लागली म्हणून भाऊजींनी आत पाहिलं. तळाशी कागदाच्या पुडीत वीस बदाम होते.

"खा," वहिनी म्हणाल्या. "मोजू नका."