डावीकडची काडी

"मेना, वऱ्हाडाच्या कोटांवर रोजमेरीची काडी टाचताना माणूस नीट बघ," कातामावशीनं बजावलं होतं. "बिनलग्नाच्याला उजवीकडे, ज्याचं कुणीतरी आहे त्याला डावीकडे. चुकलीस तर निस्तरत बसशील."

मेना नुसती हसली. झाग्रेब विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीला डावं-उजवं कळत नाही होय?

मावसबहिणीच्या लग्नाचं वऱ्हाड चर्चमध्ये शिरत होतं. रोजमेरीची एकेक काडी ती कोटांवर टाचत होती... आणि टाचणी बोटात घुसली. समोर दोन हिरवे डोळे!

दुपारी तेच डोळे पुन्हा समोर.

"काय गं, माझं लग्न कधी लावलंस? एक पोरगी नाचेना माझ्याबरोबर!"

"अय्या — समोरून बघताना उलटं झालं..."

"मग आता तूच नाच."

येर्को त्याचं नाव. होडीवाला. पुढे मेनाच्या अर्क काढायच्या भट्टीवर रोजमेरीच्या मोळ्या तोच आणू लागला.

"सारखं ते ऑलिव्हचं तेल काय हुंगतेस?"

"या पानांत कार्नोसिक आम्ल असतं. हवेशी आधी तेच झुंजतं, स्वतः झिजतं, म्हणून ही पानं घातलेलं तेल लवकर खवट होत नाही."

"आणि वाट बघून माणूस खवट झाला तर?"

ती बाटलीचं बूच घट्ट करत राहिली. बाबा समुद्रावर असले की आई खिडकीशी कशी खिळायची, ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. तसलं जिणं नको होतं तिला.

"उद्या मालवाहू जहाजावर चाललोय," तो हळूच म्हणाला. "वर्षभर. कुणी थांब म्हटलं तर —"

"मला कोवळे शेंडे हवेत. पलीकडच्या खाडीतले." भलतंच बोलून गेली ती.

तो होडी घेऊन खाडीकडे गेला. आणि उत्तरेचा बोरा वारा सुटला. समुद्र पांढराफटक झाला. मेना धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिली... प्रत्येक लाट होडीसारखी दिसायची, आणि लाटच निघायची.

शेवटी तो आला. नखशिखान्त भिजलेला, काखोटीला मोळी.

"घ्या बाईसाहेब, शेंडे."

"खड्ड्यात गेले शेंडे! जीव टांगणीला लागला होता माझा!"

तिनं मोळीतली एक काडी ओढली, त्याच्या ओल्या स्वेटरवर टाचली.

"पुन्हा चुकलीस. ही डावी बाजू."

"नाही चुकले... थांब ना, येर्को."

जहाज त्याच्याशिवाय गेलं.

आज पुन्हा बोरा घोंघावतोय. येर्को पाण्यावर. मेना लेकीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसलीय, फोन लावतेय, लागत नाहीये... तुमचंही कुणी वाटेत असेल ना? मग हे वाचणं बाजूला ठेवा. आधी विचारा — पोचलास का रे?